नऊची कसोटी

४ मार्च, मंगळवार

आज सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी या शुश्रूषागृहाच्या काउंटरवर मला सांगण्यात आलं की मी अस्तित्वात नाही.

वेळ त्यांच्या भिंतीवरच्या घड्याळाची आहे. माझ्या मनगटावर तेव्हा दहा अडतीस झाले होते. पण तक्रार त्यांच्याच घड्याळाने केलेली बरी, म्हणजे मागून फाटे फुटत नाहीत.

खुब्याचं ऑपरेशन जानेवारीत झालं. ३ फेब्रुवारीला मला इथे आणलं ते चार आठवड्यांसाठी. चार आठवडे काल संपले. आज मी बॅग भरली, बूट घातले, वॉकर घेऊन दुसऱ्या मजल्यावरून लिफ्टने खाली आले आणि काउंटरवालीला म्हटलं, "माझा जाण्याचा कागद काढा."

तिने मनगटावरची पट्टी पाहून माझा नागरिक नोंदणी क्रमांक यंत्रात घातला. मग पुन्हा घातला.

"आजी, असा नंबरच अस्तित्वात नाही."

"मग गेला महिनाभर तुमच्या गोळ्या कोण गिळतंय?"

"तसं नाही हो. यंत्र घेत नाही. कार्ड आहे का?"

"कार्ड घरी आहे आणि त्याची गरज नाही. नंबर मला पाठ आहे. येताना फॉर्म मीच भरला, तेव्हा कोणाला अडचण आली नाही."

"येताना कागदावर चालतं, आजी. जाताना यंत्रातून काढावं लागतं."

तिने मेट्रनबाईंकडे पाहिलं. मेट्रनबाईंनी टेबलाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "रविवारी मुलगा येईल ना, तेव्हा बघू."

बॅग घेऊन मी वर आले. ती मी उघडणार नाही.

५ मार्च, बुधवार

शांतपणे लिहिते. माझा क्रमांक ४७८२३९६५१. सत्तेचाळीस कोटी ब्याऐंशी लाख एकोणचाळीस हजार सहाशे एक्कावन्न. एक ते नऊ हे सगळे अंक यात एकेकदाच येतात. एकही दोनदा नाही आणि शून्य नाही. अडीच हजारांत एखाद्याच्या वाट्याला असा नंबर येत असेल. हे आमच्या ह्यांनी पहिल्यांदा दाखवलं. कार्ड आलं त्या दिवशी म्हणाले, "बघ, तुझ्या नंबरात सगळे हजर आहेत, गैरहजर कोणी नाही." ह्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांची दोन-तीनच वाक्यं मला जशीच्या तशी आठवतात, त्यातलं हे एक.

सगळ्या अंकांची बेरीज पंचेचाळीस. चार आणि पाच नऊ. म्हणजे संख्येला नऊने भाग जातो. ही कसोटी कॉन्व्हेंटमध्ये गणिताच्या सिस्टरनी लावून दिली. त्या म्हणायच्या, उत्तर आलं म्हणजे काम संपलं नाही, तपासलं म्हणजे संपलं. छडी होतीच सोबतीला.

पुढे टेलिफोन डिरेक्टरीच्या छापखान्यात एकतीस वर्षं मी प्रुफं तपासली ती याच कसोटीवर. मूळ यादीतल्या नंबरांच्या अंकांची बेरीज, प्रुफातल्या नंबरांच्या अंकांची बेरीज, नऊ टाकून काय उरलं ते समासात पेन्सिलीने लिहायचं. जुळलं की पान पुढे. मला तिथे नऊबाई म्हणायचे, मागून आणि नंतर नंतर तोंडावरही. आधी माझ्यासोबत एक वाचणारी असायची. ती मूळ यादी मोठ्याने वाचायची आणि मी प्रूफ धरायचे. फार हळू काम. मीच साहेबांना सांगितलं, वाचणारी कशाला, नऊ पुरे. तिला बांधणीखात्यात पाठवलं. एकतीस वर्षांत माझ्या पानाबद्दल एकही तक्रार आली नाही.

तेव्हा त्या काउंटरवालीने मला नंबर शिकवू नये.

मूळ फॉर्म भरताना मी नंबर दोनदा तपासला होता. दोन्ही वेळा नऊने भाग गेला.

७ मार्च, शुक्रवार

दुसरं काही करायला नाही म्हणून नंबर फोडायला घेतला. पूर्ण संख्येला अकराने भागलं: बाकी दहा. एकाने हुकलं. वाईट वाटलं.

मग नऊ बाहेर काढले. उरतात ५३१३७७३९. आता याच्या पोटात काय आहे ते पाहायचं. सातने बाकी चार. तेराने बाकी पाच. सतराने बाकी सहा. मला वाटलं आता एकोणिसाने सात येणार, आली दोन. संख्यांना आपली समजूत काढायची सवय नसते, म्हणून मला त्या आवडतात.

९ मार्च, रविवार

चिरंजीव आले. मी बॅगेवर बसूनच होते. माझं भिंतीवरचं घड्याळ आणि शिवणाचा डबा घेऊन आला.

"अरे, हे कशाला? कार्ड आण म्हटलं होतं."

"कार्ड सापडत नाही, आई."

"कपाटाच्या डाव्या खणात, निळ्या पाकिटात."

"कपाट हलवलंय ना. त्या खोलीला रंग द्यायचाय."

"मी नसताना कशाला? रंग मला दाखवून ठरवायचा. मागच्या वेळी तुम्ही दवाखान्यासारखा हिरवा दिला होता."

तो हसला, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. मग म्हणाला, "आई, घाई काय आहे? इथे वेळेवर सगळं होतं. तू पडलीस त्या दिवशी मी घरी किती वाजता आलो, माहीत आहे ना?"

"सहाला. त्यात तुझी काय चूक? मी अकरापासून न्हाणीघरात होते तरी काही घाबरले वगैरे नव्हते. एकोणतीसचा पाढा म्हणत होते. तुला सांगितलंही."

"सांगितलंस," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला. खाली बसथांबा आहे, एक चपला शिवणारा आहे आणि बंद पडलेलं एक छपाईचं दुकान आहे. बघण्यासारखं काही नाही.

हे लोक मी तीनदा पडले म्हणतात. पहिल्या दोन वेळी हाड मोडलं नव्हतं, त्यामुळे ते मी मोजत नाही. गॅसचंही तसंच. भांडं जळलं, घर नाही.

११ मार्च, मंगळवार

मला तिसऱ्या मजल्यावर हलवलं. कारण विचारलं तर म्हणे दुसऱ्यावर नळाचं काम आहे. कान लावून पाहिलं. एकही हातोडा वाजत नव्हता. तिसऱ्यावरून खाली यायला लिफ्टला किल्ली लागते आणि किल्ली आयाबाईंच्या कमरेला. जिना आहे, पण माझा खुबा आणि तो जिना यांचं अजून जमलेलं नाही.

खोलीत एक शेजारीण आहे. एके काळची बस कंडक्टर. आवाज अजून मागच्या सीटपर्यंत पोचेल असा. मला आत येताना पाहून म्हणाली, "या, पुढे सरका, आत जागा आहे."

"मी दोन दिवसांपुरती आहे," मी सांगितलं.

"सामान किती?"

"एक बॅग. एक घड्याळ. शिवणाचा डबा."

"मग अजून यायचंय," ती म्हणाली आणि शेंगदाणे सोलत बसली.

सहा वर्षं आहे म्हणे ती इथे. अशी माणसं सवयीने जागा धरून बसतात. मी बॅग पलंगाखाली ठेवली. उघडलेली नाही.

१२ मार्च, बुधवार

तेवीस: बाकी अकरा. एकोणतीस: चोवीस. एकतीस: एकोणीस. सदतीस: चार. एक्केचाळीस: सतरा.

अधीक्षकांना पत्र क्रमांक एक दिलं. उत्तर नाही.

१५ मार्च, शनिवार

शंभराच्या आतल्या सगळ्या मूळ संख्या संपल्या. एकही आत शिरली नाही. सत्त्याण्णवने बाकी बहात्तर. कंडक्टरबाई विचारते, "काय हिशेब चाललाय?" मी सांगितलं की ही संख्या मोडते का बघतेय, आणि मोडत नाही हे नक्की करायचं तर सात हजार दोनशे एकोणनव्वदपर्यंत प्रत्येक मूळ संख्येने भागून बघावं लागेल.

"आणि नाहीच मोडली तर?"

"तर ती मूळ संख्या. तिला एकाने आणि स्वतःनेच भाग जातो, बाकी कोणाची मात्रा चालत नाही."

"म्हणजे खडूस," ती म्हणाली. "तरीच तुमचं जमतंय."

हिला शाळेत कोणी छडी मारली नसावी. तरी मी हसले. या मजल्यावर आल्यापासून पहिल्यांदाच.

१६ मार्च, रविवार

आज सूनबाई एकट्याच आल्या. माझी वेताची खुर्ची आणली. टॅक्सीच्या टपावर बांधून. सोबत हिवाळ्यातली शाल आणि दोन स्वेटर.

"अगं, उन्हाळा तोंडावर आलाय."

"असू द्या हो आई, लागतील."

"कार्ड?"

"ते… शोधतोय."

"चार खोल्यांच्या घरात तुम्हाला खुर्ची सापडते आणि कार्ड सापडत नाही. मी तुमच्या जागी असते तर लाजेने मान खाली घातली असती."

तिने खरंच मान खाली घातली. नंतर कॉरिडॉरमध्ये मेट्रनबाईंशी बोलताना नाक पुसत होती. तिला सर्दी लवकर होते. मी दरवेळी सांगते, ओल्या केसांनी बाहेर जाऊ नकोस. मेट्रनबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला होता. त्या बाईने आजवर माझ्या पाठीवर सोडा, पत्रावरही हात ठेवलेला नाही.

खुर्ची खिडकीशी ठेवून घेतली. बसायला बरी पडते. कंडक्टरबाई खुर्चीकडे बघत शेंगदाणे सोलत बसली. तिच्या बोलण्यापेक्षा ते सोलणं मला जास्त झोंबतं.

१८ मार्च, मंगळवार

आज मोठी गोष्ट घडली. सविस्तर लिहिते.

आमच्या मजल्यावरच्या टेबलावरचं यंत्र बिघडलं म्हणून दुरुस्तीवाला आला. पन्नाशीचा, टक्कल पडलेला, कपाळावर चष्मा. मी त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"एक सांगा. एखादा नंबर अस्तित्वात नाही हे या डब्याला कसं कळतं? सगळ्या नागरिकांची यादी याच्या पोटात आहे का?"

"नाही हो. ती मोठ्या कचेरीत. हा आधी नुसतं गणित करतो. नंबराला अकराने भाग जातो का बघतो. गेला तर पुढे विचारतो, नाही गेला तर इथूनच परत."

"सगळ्यांच्या?"

"सगळ्यांच्या. तसेच बनवतात नंबर. लिहिणाऱ्याच्या हातून अंक इकडचा तिकडे झाला तर लगेच पकडता यावा म्हणून."

"मग नऊने का नाही बघत?"

तो माझ्याकडे बघून हसला; चांगलं हसला, टर उडवल्यासारखं नाही. "नऊला जागा कुठे कळते? नऊ नुसती माणसं मोजतो. माणसं तीच, फक्त खुर्च्या बदलल्या, तर नऊच्या लेखी काही झालंच नाही. अकरा मात्र खुर्च्या बघतो. एक सोडून एक अंकांची बेरीज, उरलेल्यांची बेरीज, आणि दोन्हींतला फरक."

मी वही काढली. ७ मार्चचं पान. अकराने बाकी दहा. माझ्याच अक्षरात, अकरा दिवसांपूर्वीचं.

म्हणजे पट्टीवरचा नंबर चुकलेला आहे. म्हणजे इथल्या कोणीतरी तो उतरवताना चुकवला, आणि महिनाभर पट्टी बघून माझ्याही तोंडात तोच बसला. मला वाटलंच होतं. आपल्याकडे त्र्याण्णव म्हणताना तीन आधी तोंडात येतात. ही पोरं बोलत बोलत लिहितात आणि घोळ करतात. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला दशक आधी म्हणायची शिस्त होती.

शेजारशेजारचे दोन अंक उलटले असतील असं धरून मी एकेक जोडी तपासली. आठ जोड्या. सातांनी काही साधत नाही. एकच जोडी बसते: तीन आणि नऊ. ३९ च्या जागी ९३ हवेत. ४७८२९३६५१. अकराने भाग निःशेष. नऊनेही. म्हणजे नव्व्याण्णवने.

दुरुस्तीवाल्याने खिशातून पेन काढून स्वतः भागून पाहिलं. "आजी, तुम्ही आमच्या खात्यात यायला हवं होतं."

"मला आजी म्हणू नका. मी तुमच्यापेक्षा फार तर पंचवीस वर्षांनी मोठी आहे."

१९ मार्च, बुधवार

अधीक्षकांना पत्र क्रमांक दोन. मुद्दे: तुमच्या माणसाने माझ्या नंबरातले दोन अंक उलटे केले, त्यामुळे मी पंधरा दिवस अडकून आहे, चूक कोणाची हे सिद्ध करण्यासाठी ३ फेब्रुवारीचा माझ्या हस्ताक्षरातला मूळ फॉर्म मला दाखवण्यात यावा, सोमवार २४ मार्च, सकाळी अकरापर्यंत.

कंडक्टरबाईला पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, "फॉर्म कशाला मागता? नंबर सापडला ना. तो सांगा आणि सोडून द्या."

"चूक कोणाची ते ठरल्याशिवाय कसं सोडून द्यायचं?"

"मी तीस वर्षं तिकिटं फाडली. एक शिकले. उतरणाऱ्याला तिकीट परत मागायचं नाही. भांडण होतं आणि बस उशिरा सुटते."

"तुमच्या बसगाड्या उशिरा का सुटायच्या ते आता कळलं."

"ऐका माझं, बाई," ती म्हणाली. पहिल्यांदाच हळू आवाजात. "तो कागद मागू नका."

पत्र मी आयाबाईंच्या हाती पाठवून दिलं.

२१ मार्च, शुक्रवार

एक गोष्ट डोक्यातून जात नाही.

एक ते नऊ हे अंक कसेही मांडा, तीन लाख बासष्ट हजार आठशे ऐंशी प्रकारे मांडता येतात, आणि त्या प्रत्येक संख्येला नऊने भाग जातो. बेरीज कायम पंचेचाळीसच. म्हणजे माझ्या नंबरावर नऊची कसोटी लावणं म्हणजे बंद घड्याळात वेळ पडताळणं. तो बरोबर असता तरी उतरला असता, चूक असता तरी उतरला असता.

तसं कोणत्याही नंबरात दोन अंक उलटले तर नऊला कळत नाही. दुरुस्तीवाल्याने सांगेपर्यंत हे मला माहीत नव्हतं का? माहीत असावं. सिस्टरनी एकदा सांगितलंही होतं बहुतेक, तास संपताना, घंटा वाजत असताना.

मग ती एकतीस वर्षं. किती नंबर उलटे गेले असतील? वाचणारी मोठ्याने वाचायची तेव्हा कधी कधी थांबून म्हणायची, "बाई, इथे उलटं झालंय." मला तिचं थांबणं खपायचं नाही. ती गेल्यावर कोणी थांबवलं नाही. आणि तक्रारीही आल्या नाहीत, हे मी छाती फुगवून सांगत आले. पण चुकीचा नंबर लागलेला माणूस कधी छापखान्याला पत्र लिहितो का? तो "माफ करा" म्हणतो आणि फोन ठेवतो.

आज भागाकार केले नाहीत. दोनशेच्या आतले सगळे झाले होते. पण ती संख्या आता कोणाचीच नाही. दोन आठवडे मी एका बेवारस संख्येची दारं ठोठावत होते.

२३ मार्च, रविवार

कोणी आलं नाही. फोन आला. रंगवाला आलाय म्हणे. रविवारी?

२४ मार्च, सोमवार

दहा वाजून पन्नास मिनिटांनी मेट्रनबाई स्वतः फॉर्म घेऊन वर आल्या. मुदतीच्या दहा मिनिटं आधी, मान्य करते. खोलीचं दार लावून घेतलं आणि कंडक्टरबाईला म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसता का?" कंडक्टरबाई म्हणाली, "मी इथेच बसते," आणि बसली.

फॉर्म एक पानी. वरचा अर्धा भाग माझ्या अक्षरात. निळी शाई, सरळ ओळ, इंग्रजी आकडे, सातला मधली रेघ, जशी सिस्टरनी शिकवली. नोंदणी क्रमांकाच्या नऊ चौकटींत मी स्वच्छ लिहिलं आहे: ४७८२३९६५१. समासात पेन्सिलीने बारीक नऊ, आणि त्यापुढे दोन खुणा. दोनदा तपासल्याच्या.

उतरवणाऱ्याने अगदी माझ्याबरहुकूम उतरवलं होतं. चूक माझी.

ते मी लगेच बोलून टाकलं. "चूक माझी आहे. तुमच्या काउंटरवालीची माफी मागायला मला खाली नेण्यात यावं." मेट्रनबाई म्हणाल्या, "अहो, राहू द्या." मी म्हटलं, "राहू कसं द्यायचं? मी तिला तोंडावर आणि लेखी, दोन्हीकडे बोलले आहे."

मग खालचा अर्धा भाग वाचला. तो त्या दिवशी मी वाचला नव्हता. खुबा ठणकत होता, म्हणून उरलेलं तू भर म्हणून पेन मुलाच्या हाती दिलं होतं. त्याचं अक्षर माझ्यासारखंच आहे, लहानपणी मीच हात धरून गिरवून घेतलंय. सातला मधली रेघ त्याचीही असते.

मुक्कामाचा कालावधी: कायम.

मी मेट्रनबाईंना विचारलं, "हे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?"

"हो."

"आणि नंबर?"

"तो खरंच यंत्र घेत नव्हतं. आणि आम्हाला वाटलं… तुमच्या मुलानेच सांगायला हवं. तो दर रविवारी म्हणायचा, आज सांगतो."

कंडक्टरबाई उठली, मला पाणी दिलं आणि माझ्या हातातून फॉर्म काढून घेतला. घडी पडू नये असा, हलकेच.

२५ मार्च, मंगळवार

काउंटरवालीची माफी मागितली. ती रडायला लागली, मला काही ते आवडलं नाही. मग तिने बरोबर नंबर यंत्रात घातला. या वेळी लगेच घेतला. पडद्यावर माझं नाव आलं, जन्मतारीख आली, आणि खाली: कायम रहिवासी, तिसरा मजला.

तीन आठवडे मी अस्तित्वात नव्हते, तेव्हा मला घरी जायची आशा होती.

बॅग अजून पलंगाखाली आहे. कंडक्टरबाईने विचारलं, "उघडायची का?" मी म्हटलं, "अजून एक पत्र बाकी आहे."

२६ मार्च, बुधवार

पत्र क्रमांक तीन. नक्कल इथे ठेवते. अधीक्षकांना नाही.

चिरंजीवास,

सोबत ३ फेब्रुवारीच्या फॉर्मची प्रत जोडली आहे. वरचा भाग माझा, खालचा तुझा.

वरच्या भागात माझ्या हातून एक चूक झाली. तीन आणि नऊ यांच्या जागा बदलल्या. मी दोनदा तपासलं आणि दोन्ही वेळा बरोबर वाटलं, कारण माझी कसोटीच अशी होती की तिला माणसं दिसतात, जागा दिसत नाहीत. घरात सगळे हजर आहेत ना, एवढंच मी बघत आले. कोण कुठे बसलंय आणि कोणाला बसायला जागा उरली नाही, हे मी बघितलं नाही. हे मी तुझ्या बायकोबद्दलही लिहिते आहे. तिला सर्दी झाली नव्हती, हे मला काल कळलं.

न्हाणीघरात मी पाढा म्हणत होते हे खरं. एकोणतीस सातापर्यंत आले आणि पुढचं सुचेना, हेही खरं. ते तुला सांगितलं नव्हतं. सात तासांत मी तुला चार वेळा हाक मारली. मोजली आहे. तीनदा पडले हेही आता मोजते.

तेव्हा तू जे लिहिलंस ते रागाने लिहिलंस असं मी म्हणत नाही. पण आपण दोघांनी तो कागद एकाच टेबलावर, एकाच पेनने, त्याच दहा मिनिटांत भरला. माझ्याकडून चूक झाली. तुझ्याकडूनही झाली असू शकते. मी माझी तपासून, मान्य करून, दुरुस्त केली. तू तुझी तपास. माझ्या पद्धतीने नको. मोठ्याने वाचून तपास, समोर कोणालातरी बसवून. तो एक शब्द तुझ्या बायकोला वाचून दाखव आणि ती थांबवते का बघ.

चूक असेल तर "चूक" असं लिही. चूक नसेल तर "बरोबर" असं लिही, म्हणजे मी बॅग उघडीन आणि खोलीला रंग कोणता द्यायचा हे पुन्हा विचारणार नाही. "बघू" हे उत्तर धरलं जाणार नाही. तोंडी उत्तरही नको. तोंडी तू गोड बोलतोस आणि मी ऐकून घेते, असे सात रविवार गेले. कार्ड सापडलं असेल तर सोबत जोड. नसेल सापडलं तर राहू दे, नंबर आता मला बरोबर पाठ आहे.

लेखी उत्तर, तुझ्या सहीनिशी, रविवार ३० मार्च, दुपारी चार वाजेपर्यंत तिसऱ्या मजल्यावर माझ्या हाती मिळावं. वेळ काउंटरवरच्या घड्याळाची धरली जाईल. ते दोन मिनिटं पुढे आहे. ती दोन मिनिटं मी तुला देते.

आई
४७८२९३६५१